नाकाच्या शेंड्याइतकी काच

नाना पेठेत गाडी लावायला जागा मिळाली
तेव्हाच वाटलं, आजचं काम होणार.
मुर्तझाभाईंनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग पुन्हा गाडीकडे.
"रोज किती वाजता?"
साडेपाच, म्हटलं. वारज्यातून निघते,
पाषाण, बाणेर, मग उतरून औंध,
दारोदार उपाशी पोटांचं रक्त गोळा करते.
हा तिसरा हिवाळा.

"काच हवी की हात हवेत?"
असं काही विचारलं त्यांनी
की क्षणभर मला उत्तरच सुचेना.

पोराने वर्तमानपत्रातून एकेक काच उलगडली.
उंच काच म्हणजे वाऱ्याला साफ नकार.
पण पुलावर आडवा वारा आला, मुर्तझाभाई म्हणाले,
की हीच काच शीड होते.
शिवाय पहाटे समोरच्या ट्रकचे दिवे
तिच्यात फुटतात, दोनाचे सात होतात,
आणि दव बसलं की पुसणार कोण?
काळपट काच पोराला आवडलेली.
"मॅडम, लुक येतो."
बाळा, अंधाराला अंधार लावून कुठे जाऊ?
बुटकी होती, ती फक्त स्पीडोमीटरला ऊब देणार.

मग मला गाडीवर बसवलं, भर रस्त्यात.
"रोज बसता तशा बसा. ताठ नको, फोटो नाही काढायचा."
मी खांदे पाडले. त्यांनी फूटपट्टी धरली
हँडलपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत.
काचेतून बघायचं नाही, म्हणाले, काचेवरून बघायचं.
वारा कपाळावरून जावा,
रस्ता डोळ्यांना उघडाच मिळावा.
मागे एक टेम्पो.
नाक मोजून होईस्तोवर त्याने हॉर्न वाजवला नाही,
पुण्यात, याची नोंद असावी.

हातांचं जड गेलं.
प्लास्टिकचे गार्ड देखणे, पोपटाच्या चोचीसारखे,
पण ते वाऱ्याशी भांडतात, थंडीशी नाही.
हातमोजे आहेत माझ्याकडे, तीन जोड.
दर दारात काढायचे, दर दारात घालायचे,
तरी बोटं ती लाकडाचीच.
शीर शोधायला बोट जिवंत लागतं,
हे दुकानदाराला कसं सांगावं?
सांगितलं.

तेव्हा त्यांनी माळ्यावरून ती काढली,
काळ्या रेक्झिनची पोती, आत लोकरीसारखं काहीतरी.
हँडलला बांधायची आणि हात आत खुपसायचे,
घोडा चंदीच्या पिशवीत तोंड घालतो तसे.
कुरूप? इतकी, की पोराने मान फिरवली.
मी डोळे मिटून चाचपत राहिले,
ब्रेक सापडतो का, इंडिकेटर, हॉर्न,
हात घाल, हात काढ.
एकदा मनगट अडकलं.
त्यांनी कात्रीने तोंड मोठं केलं, काठ शिवायला पोराला पिटाळलं.
"पडताना हात आधी बाहेर यायला पाहिजे. ऊब नंतर."

काचेचे नऊशे, पोत्यांचे अडीचशे.
घासाघीस केली नाही. म्हणजे, थोडी केली.

दुसऱ्या दिवशी पाषाण तलावापाशी
धुकं रस्त्यावर येऊन बसलेलं.
सिग्नलला एक जण म्हणाला, काय ताई, गाडीला स्वेटर?
मी हात आतच ठेवले.

खळदकर बाई सुई बघत नाहीत.
भिंतीकडे तोंड करून
कॅलेंडरवरच्या तारखा वाचतात, मोठ्याने, शाळेत वाचायच्या तशा.
मी हात लावला की त्यांचं एकच वाक्य,
"अगं, मढ्याचा हात आहे की काय!"
आज कोपराच्या खळीत बोट ठेवलं
आणि शीर आली, पहिल्याच खेपेला,
मासोळीसारखी.
बाई तेवीस तारखेवर थांबल्या.
भिंतीलाच विचारलं,
"आज ती नाही आली का?"